रूटचं रिमोट लॉगिन बंद करताना : स्वतः बाहेर न अडकता काम कसं करावं

रूट म्हणजे लिनक्स सर्व्हरवरचं सगळे अधिकार असलेलं खातं. त्याला दुरून आत येऊ न देण्यासाठी एसएसएचच्या, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याच्या सोयीच्या, सेटिंगमध्ये बदलायची असते एक ओळ. तिच्यापायी रात्री साडेअकराला फोन येतो : "सर्व्हरमध्ये शिरताच येत नाहीये, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं." तसंच केलेलं नसतं. ओळ बरोबर असते, क्रम चुकलेला असतो. दुसरं दार उघडतंय का हे न बघताच पहिल्या दाराला कुलूप लावलेलं असतं. याच्या उलट गटही मोठा आहे. त्यांनी ओळ लिहिलेली असते, त्यांना काहीच अडचण येत नाही, आणि रूटचं दार महिनोन्महिने सताड उघडं असतं.

हा लेख छोट्या ऑफिसांसाठी आहे : एक-दोन भाड्याचे लिनक्स सर्व्हर, सांभाळणारा एकच माणूस, आणि तोही दिवसातून चार दुसरी कामं करणारा. मांडणी उबंटू आणि डेबियन धरून केली आहे. अल्मा, रॉकी किंवा रेडहॅट असेल तर फरक जागच्या जागी सांगितला आहे.

दोन गोष्टी आधीच. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. दुसरं, एसएसएचच्या 'की'ला मी किल्ली म्हणणार आहे, नाहीतर प्रत्येक वाक्यात "की की" होतं.

## कामाला हात घालण्यापूर्वी

मागचं दार स्वतः उघडून बघा. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये ब्राउझरमधून चालणारा कन्सोल असतो. एसएसएच पूर्ण बंद पडलं तरी तो चालतो, कारण तो थेट मशीनच्या पडद्याशी जोडलेला असतो. "आहे" एवढं माहीत असणं पुरत नाही. आज लॉगिन करा, रूटचा पासवर्ड टाका, आत जा, बाहेर या. पासवर्डमधली खास चिन्हं कन्सोलच्या कीबोर्डवर नीट उमटतात का तेही बघा, बऱ्याचदा उमटत नाहीत. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास असते : पॅनेलचं खातं मालकांच्या नावावर, ओटीपी मालकांच्या मोबाइलवर, आणि मालक त्या दिवशी ताम्हिणीत, रेंजच्या बाहेर. तो ओटीपी तुमच्यापर्यंत कसा येणार हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रूटने कोण कोण येतं याची यादी करा. माणसं आठवतात, स्क्रिप्टा आठवत नाहीत. रात्रीचा बॅकअप, वेबसाइट चढवणारी स्क्रिप्ट, मॉनिटरिंग, शिवाय कधीकाळी कुणीतरी लावून ठेवलेलं आणि आता कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी. लॉग बघा (कमांडच्या आधी सुडो लिहिलं की ती रूटच्या अधिकारांनी चालते) :

`सुडो ग्रेप ॲक्सेप्टेड /व्हार/लॉग/ऑथ.लॉग`

ॲक्सेप्टेडचा ए कॅपिटल. रेडहॅट कुटुंबात हीच नोंद /व्हार/लॉग/सिक्युअर मध्ये असते. रूट नावापुढे जे आयपी पत्ते दिसतील, त्यातला प्रत्येक ओळखता आला पाहिजे. आठवड्याचा लॉग बघून थांबू नका. हिशेबाची कामं महिनाअखेरीला चालतात, ती आठवड्यात दिसत नाहीत. जुने लॉग .१ आणि .जीझेड शेपटीच्या फायलींमध्ये असतात. दाबलेल्या फायलींसाठी ग्रेपऐवजी झेडग्रेप.

वेळ निवडा. पेठेतल्या दुकानाचा सर्व्हर असेल तर दुपारी १ ते ४ ही वेळ देवानेच राखून ठेवलेली आहे. गुरुवार मात्र टाळा. देखभालीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला तो ठरलेला वार. काम अर्ध्यात असताना घरचा राउटर बंद पडला तर पुढचा सगळा सावधपणा फुकट जातो. शुक्रवारची संध्याकाळ का टाळावी ते सांगायला नको.

मूळ फायलींची प्रत काढा. /ईटीसी/एसएसएच ही आख्खी डिरेक्टरी /रूट मध्ये कॉपी करून ठेवा.

> सावधान : प्रत एसएसएचडी_कॉन्फिग.डी या डिरेक्टरीच्या आत ठेवू नका. तिथली .कॉन्फने संपणारी प्रत्येक फाइल सर्व्हर वाचतो, 'जुनी-प्रत.कॉन्फ'सुद्धा.

## पायरी १ : स्वतःच्या नावाचा यूजर

उदाहरणापुरतं नाव 'माळी' धरू. तुम्ही प्रत्येक माणसासाठी वेगळा यूजर करा. तिघांनी मिळून एक यूजर वापरला तर रूट वापरण्यात आणि त्यात फरक काय राहिला? काय बिघडलं ते कळेल, कुणी बिघडवलं ते कळणार नाही. 'ॲडमिन', 'टेस्ट' असली नावं घेऊ नका, पासवर्डचे अंदाज मारणारे बॉट रूटनंतर याच नावांवर येतात.

`ॲडयूजर माळी`
`यूजरमॉड -एजी सुडो माळी`

दुसऱ्या ओळीत ए लहान, जी कॅपिटल. हा छोटा ए विसरलात तर माणूस सुडो गटात जातो, पण बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकला जातो. नव्या यूजरला त्याचा फटका बसत नाही. जुन्या यूजरला डॉकरच्या किंवा वेबसर्व्हरच्या गटातून काढलं गेलं की दुसऱ्या दिवशी वेगळंच काहीतरी बंद पडतं आणि शोध भलतीकडे सुरू होतो. अल्मा-रॉकीवर गटाचं नाव व्हील, आणि तिथे ॲडयूजर पासवर्ड विचारत नाही, तो पासवर्ड कमांडने (स्पेलिंग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी) वेगळा द्यावा लागतो.

पासवर्ड द्यावाच लागतो, किल्लीने येणार असलात तरी. "किल्ली आहे ना, मग पासवर्ड कशाला" म्हणून बिनपासवर्डचा यूजर करतात. तो आत येतो, पण सुडो त्याला पासवर्ड विचारतं आणि त्याच्याकडे तो नसतो. तोवर रूट बंद झालेलं असतं. घरात आहात, पण स्वयंपाकघराला कुलूप.

> तपासा : 'सुडो हूॲमआय' (डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय) ही कमांड माळीच्या नव्या लॉगिनमधून चालवा. उत्तर 'रूट' आलं पाहिजे. गटातला बदल आधीपासून चालू असलेल्या सेशनला लागू होत नाही, म्हणून जुन्या खिडकीत ही तपासणी करून घाबरू नका.

## पायरी २ : किल्ली बसवा

किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन फायलींची जोडी : खाजगी फाइल तुमच्याकडे, पब्लिक फाइल सर्व्हरवर. ती तुमच्या लॅपटॉपवर बनते, सर्व्हरवर नाही. सर्व्हरवर बनवून खाजगी फाइल ईमेलने स्वतःला पाठवणारे लोक मी पाहिलेत.

`एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९`

पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) विचारेल, ती द्या. मग पब्लिक किल्ली सर्व्हरवर :

`एसएसएच-कॉपी-आयडी माळी@सर्व्हरचा-पत्ता`

विंडोजवर एसएसएच असतं, पण एसएसएच-कॉपी-आयडी नसतं. तिथे .पब फाइलमधली ती एक लांबलचक ओळ कॉपी करून सर्व्हरवर माळीच्या होम डिरेक्टरीतल्या .एसएसएच/ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये चिकटवायची. ओळ एकच राहिली पाहिजे, मध्ये तुटता कामा नये.

पुटी (विंडोजवरचा एसएसएचचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांची एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की तिला वेगळी जागा देतो. पुटीजेनमधलं 'सेव्ह पब्लिक की' हे बटण दाबून जी फाइल मिळते ती अनेक ओळींची, वेगळ्या साच्यातली असते. ती ऑथराइज्ड_कीजमध्ये टाकली तर सर्व्हरला काही कळत नाही, आणि किल्ली नाकारताना तो कारणही सांगत नाही. पुटीजेनच्या खिडकीत वरच्या चौकटीत जो मजकूर दिसतो, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवडून कॉपी करा. योग्य ओळ 'एसएसएच-' या अक्षरांनी सुरू होते.

यानंतर परवानग्या. .एसएसएच डिरेक्टरीला ७००, ऑथराइज्ड_कीजला ६०० (म्हणजे मालकाशिवाय कुणालाच हात लावता येत नाही), आणि दोन्हींचा मालक माळी. ही फाइल तुम्ही रूट म्हणून बनवली असेल तर मालक रूट झालेला असतो :

`चोन -आर माळी:माळी /होम/माळी/.एसएसएच`

कमांडचं स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, आर कॅपिटल. होम डिरेक्टरीसुद्धा गटाला किंवा इतरांना लिहिण्यासाठी खुली नको. वेबसाइट चालेना म्हणून कुणीतरी होम डिरेक्टरीवर ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) मारलेलं असतं, आणि एसएसएच तशा घरातली किल्ली मानतच नाही. लॉगमध्ये "बॅड ओनरशिप ऑर मोड्स" असं दिसलं तर दोष किल्लीचा नाही, ७७७चा आहे.

> तपासा : लॅपटॉपवर नवी खिडकी उघडा आणि फक्त किल्लीनेच प्रयत्न करा :
> `एसएसएच -ओ प्रेफर्डऑथेंटिकेशन्स=पब्लिककी माळी@सर्व्हरचा-पत्ता`
> इथे प्रेफर्ड आणि ऑथेंटिकेशन्स हे दोन शब्द सलग, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. पासफ्रेज विचारली तर ठीक, पण माळीचा पासवर्ड विचारता कामा नये. ही अट घातल्याशिवाय केलेली चाचणी पासवर्डनेही पास होते, आणि किल्ली चालतेय असा गैरसमज होतो.

दुसऱ्या मशीनची किंवा दुसऱ्या विश्वासू माणसाची किल्लीही आजच घाला. लॅपटॉपवर चहा सांडतो.

## पायरी ३ : रूटने चालणारी यांत्रिक कामं हलवा

घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. सुरुवातीच्या यादीतली प्रत्येक स्क्रिप्ट इथे निकाली काढायची.

वेबसाइट चढवणारी किंवा मॉनिटरिंगची स्क्रिप्ट असेल तर तिला रूट लागतच नाही. तिच्यासाठी वेगळा यूजर, वेगळी किल्ली, आणि गरज असेल तर सुडोमध्ये तेवढ्याच एका कमांडची परवानगी. ही परवानगी व्हीसुडो (व्ही-आय-एस-यू-डी-ओ) वापरूनच लिहा, साध्या एडिटरने नाही. सुडोच्या फायलीत व्याकरण चुकलं तर सुडो बंद पडू शकतं, आणि रूट बंद करायच्या आदल्या दिवशी सुडो बंद पडणं म्हणजे कळसच. सुडोअर्स.डीमध्ये वेगळी फाइल करणार असाल तर नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप सोडून देतं.

बॅकअपचं प्रकरण जरा अवघड. डेटाबेस, /ईटीसी, सगळ्यांची घरं वाचायची तर रूटचे अधिकार लागतात. तीन वाटा आहेत.

सर्व्हरने स्वतःच बॅकअप बाहेर ढकलणं सगळ्यात सोपं. बाहेर जाणाऱ्या जोडणीशी रूट बंद करणाऱ्या ओळीचा संबंध नाही, त्यामुळे काही बदलावं लागत नाही. पण उद्या सर्व्हर कुणाच्या हाती लागला तर बॅकअपपर्यंत जाण्याची वाटही त्याच्याच हाती लागते.

बॅकअप मशीनने येऊन ओढून नेणं जास्त सुरक्षित. त्यासाठी बॅकअपच्या यूजरला सुडोमधून आरसिंक (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) मोकळं दिलं तर तुम्ही त्याला रूटच दिलंय, कारण मोकळं आरसिंक कुठलीही फाइल कुठेही लिहू शकतं. लोकांना हे पटवायला मला फार वेळ लागतो.

म्हणून ओढून नेणाऱ्या बॅकअपसाठी मी तिसरी वाट घेतो : रूट सगळ्यांना बंद, फक्त बॅकअप मशीनच्या पत्त्यावरून 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली'. म्हणजे किल्लीसोबत ऑथराइज्ड_कीजमध्ये कमांड नेमून दिली असेल तरच आत, आणि आत येऊन तेवढीच कमांड. त्यासाठीचा मॅच विभाग (ठराविक यूजर किंवा पत्त्यापुरतेच नियम लावणारा भाग) पायरी ५ मधल्याच फायलीत, अगदी शेवटी.

> सावधान : पुढच्या रात्रीचा बॅकअप नव्या वाटेने पूर्ण झालेला डोळ्यांनी बघा, मगच पायरी ४. थोडक्यात, हे काम एका बैठकीचं नाही.

## पायरी ४ : परतीचा दोर बांधा

काही चुकलं तर १५ मिनिटांनी बदल आपोआप उलटावा अशी सोय करून ठेवायची. /रूट/परत.एसएच नावाची फाइल करा. तिच्यात दोनच ओळी :

`आरएम -एफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/००-रूट.कॉन्फ`
`सिस्टमसीटीएल रिलोड एसएसएच`

अल्मा-रॉकीवर सर्व्हिसचं नाव एसएसएचडी. ही स्क्रिप्ट आत्ताच एकदा हाताने चालवून बघा. ००-रूट.कॉन्फ अजून अस्तित्वातच नाही, त्यामुळे नुकसान काही नाही, आणि स्क्रिप्टमधली टायपिंगची चूक आता सापडलेली बरी. पायरी ५ सुरू करण्याच्या क्षणी टायमर लावा :

`सुडो सिस्टमडी-रन --युनिट=परत --ऑन-ॲक्टिव्ह=१५एम /बिन/बॅश /रूट/परत.एसएच`

## पायरी ५ : ती एक ओळ

ओळीचं नाव परमिटरूटलॉगिन : परमिट, रूट, लॉगिन हे तीन शब्द सलग, तिन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल. किमती चार : 'यस', 'नो', 'प्रोहिबिट-पासवर्ड' आणि वर आलेली 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली'. ओपनएसएसएच ७.० पासून, म्हणजे २०१५ पासून, काहीच लिहिलं नसेल तर प्रोहिबिट-पासवर्ड धरलं जातं : रूटला पासवर्डने मज्जाव, किल्लीने वाट मोकळी. "आमच्याकडे आधीच बंद आहे" म्हणणाऱ्यांचा घोळ इथे असतो. पासवर्ड बंद आहे हो, पण तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाची किल्ली रूटच्या ऑथराइज्ड_कीजमध्ये बसलेली आहे, त्याचं काय? माझं मत 'नो'च्या बाजूने.

कुठे लिहायची? नव्या डेबियन-उबंटूमध्ये मुख्य फायलीच्या सुरुवातीलाच इन्क्लूडची ओळ असते. ती एसएसएचडी_कॉन्फिग.डीमधल्या फायली नावाच्या क्रमाने आधी वाचते. आणि एसएसएचचा नियम असा : एखादी किंमत पहिल्यांदा जिथे सापडेल तीच खरी, नंतरच्या सगळ्या दुर्लक्षित. बाकीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये शेवटची ओळ जिंकते, त्यामुळे हात त्याच सवयीने फायलीच्या तळाशी जातो. तुम्ही तळाशी 'नो' लिहिता, वर कुठल्यातरी इन्क्लूड फायलीत 'यस' बसलेलं असतं, आणि जिंकतं ते 'यस'. क्लाउडवरच्या मशीनवर ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ असते. रेडहॅट ९ आणि तिच्या भावंडांवर इन्स्टॉल करताना रूटच्या पासवर्ड लॉगिनवर खूण केली असेल तर ०१-परमिटरूटलॉगिन.कॉन्फ असते. म्हणून आपली फाइल ०० ने सुरू करायची :

`/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/००-रूट.कॉन्फ`

आत एकच ओळ (पायरी ३ मधला मॅच विभाग असेल तर तो तिच्याखाली) : `परमिटरूटलॉगिन नो`

जुन्या सर्व्हरवर इन्क्लूडची ओळ नसते. तिथे मुख्य फाइलच बदला, आणि बदलताना ओळीसमोरचं हॅश चिन्ह (ते असेल तर ओळ वाचलीच जात नाही) काढलंय ना ते बघा. हॅश तसाच ठेवून पुढचा शब्द बदलणं ही चूक हास्यास्पद वाटते, पण सगळ्यात जास्त वेळा होते तीच. जुन्या सर्व्हरवर पायरी ४ ची स्क्रिप्टही बदला : फाइल पुसण्याऐवजी तिने मूळ फायलीची प्रत परत जागेवर ठेवली पाहिजे.

मुख्य फायलीच्या तळाशी लिहिण्यात आणखी एक खड्डा आहे. त्यात मी स्वतः पडलोय. कोथरूडमधल्या घरून एका ग्राहकाच्या सर्व्हरवर ही ओळ फायलीच्या शेवटी जोडली, रिलोड केलं, झोपलो. त्या फायलीच्या शेवटी एसएफटीपी (एसएसएचवरून फायली पाठवायची सोय) वापरणाऱ्यांसाठी एक मॅच विभाग होता, आणि मॅच विभाग पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. माझी ओळ त्याच्या पोटात गेली. म्हणजे त्या एसएफटीपी गटालाच तेवढं रूट बंद, बाकी जगाला उघडं. लॉग चाळताना कळलं, तेही ११ आठवड्यांनी. फाइल वाचून सगळं बरोबरच दिसत होतं. तेव्हापासून मी फायलीवर विश्वास ठेवत नाही, सर्व्हरलाच विचारतो.

आधी व्याकरण तपासा, मग लागू होणारी किंमत :

`सुडो एसएसएचडी -टी`
`सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप परमिटरूट`

पहिल्या ओळीतला टी लहान. ती काहीच बोलली नाही म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या ओळीतला टी कॅपिटल. ती सगळ्या फायली वाचून शेवटी जे ठरलं ते दाखवते. उत्तर लहान अक्षरांत 'परमिटरूटलॉगिन नो' यायला हवं. तुम्ही प्रोहिबिट-पासवर्ड निवडलं असेल तर इथे 'विदाउट-पासवर्ड' असं दिसू शकतं. ते त्याचंच जुनं नाव, पासवर्डशिवाय प्रवेश असा अर्थ नाही.

मॅच विभाग असेल तर एवढं पुरत नाही. कॅपिटल टीसोबत कॅपिटल सी देऊन विचारा :

`सुडो एसएसएचडी -टी -सी यूजर=रूट,होस्ट=कुठलाही,ॲडर=बॅकअपचा-आयपी`

एकदा बॅकअपच्या आयपीने आणि एकदा भलत्याच आयपीने. दोन उत्तरं वेगळी आली पाहिजेत.

## पायरी ६ : रिलोड आणि चाचण्या

> सावधान : आत्ता उघडी असलेली खिडकी काम पूर्ण होईपर्यंत बंद करायची नाही. रिलोडमुळे चालू सेशन तुटत नाही. ही खिडकी उघडी आहे तोवर तुम्ही आत आहात.

`सुडो सिस्टमसीटीएल रिलोड एसएसएच`

आता नव्या खिडकीतून :

माळी म्हणून किल्लीने आत या आणि सुडो चालवा. आत आलात, सुडो चाललं, तर निम्मं काम झालं.

मग रूट म्हणून प्रयत्न करा. इथे जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो. किल्ली चालली नाही की सर्व्हर पासवर्ड विचारतो, आणि लोकांना वाटतं की बदल लागूच झाला नाही. तो विचारणारच. रूट बंद आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून तो शेवटपर्यंत नाटक करतो आणि बरोबर पासवर्डलाही नकार देतो. प्रश्न विचारला की नाही याला अर्थ नाही, आत घेतलं की नाही ते बघा.

याच्या उलट, रूट म्हणून बिनबोभाट आत गेलात तर लगेच सर्व्हरला शिव्या देऊ नका. तुमच्या लॅपटॉपच्या एसएसएच सेटिंगमध्ये कंट्रोलमास्टर चालू असेल तर नवी खिडकी जुन्याच जोडणीवरून आत शिरते, नवं लॉगिन होतच नाही. माळीच्या चाचणीतही हा धोका आहे : किल्ली मोडलेली असूनही आत गेल्यासारखं दिसतं. दोन्ही चाचण्या अशा करा :

`एसएसएच -ओ कंट्रोलपाथ=नन रूट@सर्व्हरचा-पत्ता`

कंट्रोल आणि पाथ सलग, सी आणि पी कॅपिटल.

शेवटी एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दोन्ही करून बघा. ऑफिसच्या आयपीसाठी कुणी फायरवॉलमध्ये किंवा मॅचमध्ये वेगळी सवलत ठेवली असेल, तर ती ऑफिसात बसून दिसत नाही.

सगळं मनासारखं झालं की टायमर काढा :

`सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप परत.टायमर`

> तपासा : २० मिनिटांनी कॅपिटल टीवाली कमांड पुन्हा चालवा. टायमर काढायला विसरलात तर १५ व्या मिनिटाला रूट परत उघडतं, आणि तोवर तुम्ही "झालं" असा मेसेज टाकून चहाला गेलेले असता.

जमेल तेव्हा सर्व्हर एकदा रीबूट करूनही तपासा.

## पायरी ७ : पासवर्ड लॉगिन बंद, पण आज नाही

रूट बंद झालं म्हणून अंदाज मारणारे थांबत नाहीत, ते दुसरी नावं घेतात. माळीचा पासवर्ड कच्चा असेल तर रूटपर्यंत एकच पायरी वाढली, बस. म्हणून चार-पाच दिवसांनी, सगळ्यांच्या किल्ल्या चालल्यावर, त्याच ००-रूट.कॉन्फमध्ये आणखी दोन ओळी : पासवर्डऑथेंटिकेशन नो आणि केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो. दुसरी विसरली तर पासवर्ड मागच्या खिडकीतून चालूच राहू शकतो. जुन्या आवृत्त्यांत तिचं नाव चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन. ओळी मॅच विभागाच्या वर लिहायच्या. पायरी ४ ते ६ पुन्हा, जशाच्या तशा. फक्त परतीच्या स्क्रिप्टने यावेळी फाइल पुसून टाकण्याऐवजी तिची आधीची प्रत जागेवर आणावी, नाहीतर दोर ओढताच रूटही उघडेल.

## बंद केल्यावर लोक जे उगाच करतात

रूटचा पासवर्ड काढून टाकतात. परमिटरूटलॉगिनचा संबंध फक्त एसएसएचशी आहे. कन्सोलवर रूट चालतं आणि चालायलाच हवं, संकटात तेच कामी येतं. लांब पासवर्ड ठेवा, कागदावर लिहून पाकीट बंद करून मालकांच्या कपाटात. पासवर्ड कमांडचा '-डी' आणि '-एल' यांतला फरकही जाणून घ्या : एल कुलूप लावतो, डी पासवर्ड पुसून रिकामा करतो. "डिसेबल असेल" म्हणून डी मारणारे निघतात. एलही विचार करून. रूटला कुलूप असेल तर सर्व्हर रेस्क्यू मोडमध्ये गेल्यावर "रूट अकाउंट इज लॉक्ड" म्हणून आत घेत नाही.

रूटचं शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्रॅम) नोलॉगिन, म्हणजे आत न घेणारं, करतात. मग 'सुडो -आय' मोडतं, आणि त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

पोर्ट बदलतात. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, याहून जास्त काही नाही. करायचंच असेल तर वेगळ्या दिवशी. एका बैठकीत दोन बदल केले की काय मोडलं ते कळत नाही.

फायरवॉलमध्ये फक्त घरचा आयपी ठेवतात. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. गुरुवार आठवा.

लॉगकडे मात्र कुणी बघत नाही. उबंटूवर ऑथ.लॉगच्या जुन्या प्रती साधारण चार आठवड्यांच्याच राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉगमधून ऑथ.लॉग वेगळा काढून त्याला साप्ताहिक २६ प्रती द्या, १८२ दिवस होतात.

## आणि तरीही बाहेर अडकलात तर

काहीही रीबूट करू नका. टायमर लावला असेल तर १५ मिनिटं गप्प बसा. मधल्या वेळात पुन्हापुन्हा चुकीचे प्रयत्न केले आणि फेल२बॅन (चुकीचे प्रयत्न करणारा आयपी अडवणारा प्रोग्रॅम) चालू असेल, तर तुमचा आयपीही अडकेल आणि मूळ दोष सुटल्यावरही आत जाता येणार नाही.

"टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स" असा संदेश आला तर सर्व्हर ठीक आहे. तुमच्या एजंटमध्ये (लॅपटॉपवर किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खूप किल्ल्या आहेत आणि योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच प्रयत्न संपतात. एसएसएचला '-ओ आयडेंटिटीजओन्ली=यस' आणि '-आय' ने नेमकी किल्ली द्या. आयडेंटिटीजचा आय आणि ओन्लीचा ओ कॅपिटल.

नाहीच जमलं तर कन्सोल. रूट म्हणून आत जा आणि आधी ऑथ.लॉगच्या शेवटच्या २० ओळी वाचा. नकाराचं कारण बहुतेक वेळा तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं : परवानग्या, मालकी, किंवा यूजरच्या नावातली चूक. ते दुरुस्त करून लॅपटॉपवरून माळीने प्रयत्न करा. ००-रूट.कॉन्फ पुसण्याची पाळी बहुधा येत नाही. आलीच तर पुसा, रिलोड करा, आणि पायरी २ च्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.